मुकादम नसलेली टोळी

पनामात सकाळचे सात वाजले की धारूर तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. त्या वेळी आई शेळ्या बांधून ओट्यावर टेकलेली असते. गाम्बोआच्या जंगलवाटेवर गुडघे टेकून मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा जमिनीकडे वळवला. वीतभर रुंदीची, झाडून काढल्यासारखी स्वच्छ वाट आणि तिच्यावरून पानांचे हिरवे तुकडे उभे धरून चाललेल्या हजारो मुंग्या. मुंग्या दिसायच्या आधी पानंच दिसतात, निघालेली, एका मागोमाग एक.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही मोळी तिनंच तोडलीय का रं? का तोडणारी येगळी अन् वाहणारी येगळी?"

मी कीटकशास्त्र शिकलेलो. तीन महिन्यांसाठी एका संशोधिकेचा मदतनीस म्हणून तिथे गेलो होतो. कामाची पहिली यादी माझ्या हातात होती, पण तिच्यात हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत नव्हता. आईने बावीस हंगाम ऊस तोडला आहे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बाप बुडातून ऊस तोडायचा, आई वाढं छाटून पाचट काढायची, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. कोण तोडतं आणि कोण वाहतं, हे तिला पहिल्या नजरेला दिसणारच. त्याच कॉलमध्ये तिने दुसरंही विचारलं : "त्यांच्यात मुकादम कोण हाय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं. कुणीच नाही. वारुळात राणी असते, पण ती फक्त अंडी घालते. कुणाला कामाला लावत नाही, कुणाचा हिशेब ठेवत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र ते तीन महिने पुरले नाहीत.

या पानकाप्या मुंग्या आपल्याकडे नाहीत. आपल्या आंब्याच्या झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या वेगळ्या. त्या पानं कापत नाहीत, जिवंत पानांच्या कडा ओढून अळीच्या रेशमाने शिवतात. पानकाप्या फक्त अमेरिका खंडांत, टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत सापडतात. अट्टा आणि अ‍ॅक्रोमिर्मेक्स या त्यांच्या दोन मोठ्या प्रजाती. पनामात लोक त्यांना 'अरिएरा' म्हणतात. पाठीवर माल लादलेल्या खेचरांचा तांडा हाकत नेणारा तो अरिएरो. आपल्याकडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणारे लमाण होते, तसे. नाव ठेवणाऱ्यालाही आधी दिसला तो तांडाच.

एवढा पाला नेऊन या मुंग्या करतात काय, हे कळायला बराच काळ गेला. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षं राहिला. त्याची समजूत अशी झाली की मुंग्या या पानांनी वारूळ शाकारतात, पावसापासून बचाव म्हणून. खरी गोष्ट सांगितली ती थॉमस बेल्टने. तो निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर इंजिनिअर होता आणि मुंग्यांनी त्याची बाग ओरबाडून नेली होती. चिडून त्याने वारुळं खणली. आत पानांचा साठा नव्हता. होते करड्या-पांढऱ्या स्पंजासारखे गोळे. पानं चावून केलेल्या लगद्यावर मुंग्या बुरशी पिकवतात आणि त्या बुरशीवर जगतात, असं त्याने १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहिलं. त्याचं म्हणणं खरं ठरलं. बुरशीच्या धाग्यांच्या टोकांना बारीक फुगीर गाठी येतात, त्या मुंग्यांच्या अळ्यांचं अन्न. म्हणजे वाटेवरून चाललेलं पान हे पीक नव्हे. ते खत म्हणा, बुरशीच्या मळ्याचा चारा म्हणा. ही शेती मुंग्यांनी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू केली असावी, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची.

बेल्टच्या पुस्तकातली आणखी एक नोंद मला फार आवडते. मुंग्यांची वाट खाणीच्या ट्रामच्या रुळांना आडवी जायची. चाकाखाली पुष्कळ चिरडल्या. मग त्यांनी रुळांखालून बोगदे काढले. बेल्टने एक दिवस ते बोगदे बुजवून पाहिले. ओझेवाल्या मुंग्यांची तिथे गर्दी झाली, पण रूळ ओलांडून त्या गेल्या नाहीत. खाली नवे बोगदे काढले.

तर वाटेवरची टोळी. भिंग घेऊन बसलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो आकारातला फरक. एकाच राणीच्या लेकी, सगळ्या माद्या, आणि तरी सर्वांत मोठीचं वजन सर्वांत धाकटीच्या दोनशेपट किंवा त्याहूनही जास्त. सर्वांत मोठ्या त्या शिपाई. डोकं शरीराला शोभणार नाही एवढं मोठं, आणि बोटाला चावल्या तर कातडी चिरते. सर्वांत धाकट्या इतक्या बारीक की बुरशीच्या धाग्यांमधून फिरून तण उपटू शकतात. पानावर जातात त्या मधल्या.

हार्वर्डमध्ये एडवर्ड विल्सनने या मधल्या मापाचा अभ्यास केला. त्याने मुंग्यांची डोकी मोजली, कारण पान कापायचं बळ जबड्याच्या स्नायूंत आणि ते स्नायू डोक्यात भरलेले. कापणीला बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुंग्यांच्या डोक्याची रुंदी दोन मिलिमीटरच्या आसपास निघाली. याहून लहान असली तर पान कापताना दमछाक. याहून मोठी असली तर तिला वाढवायला आणि पोसायलाच वारुळाला महाग. मग विल्सनने एक प्रयोग केला. या मापाच्या दहापैकी नऊ मुंग्या वारुळातून काढून घेतल्या. पानांची आवक कमी झाली नाही. मापाने थोड्या खाली आणि थोड्या वर असलेल्या बहिणी आधीपासून वाटेच्या आसपास होत्याच. त्या कापायला लागल्या. कुणी हाळी दिली नाही. एरवी पानाची कड अडवून काम करणाऱ्या नव्हत्या, म्हणून या त्या कडेशी पोहोचल्या, एवढंच.

आता एकच मुंगी जवळून बघू. गाम्बोआत मी राहत होतो त्या घरामागे पेरूचं एक रोपटं होतं, माझ्या छातीएवढं. त्याच्या पानांवर मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं.

मुंगी पानाच्या कडेला येते आणि मागचे पाय कडेवर रोवते. मग शरीर वळवत वळवत कापत जाते, त्यामुळे तुकडा आपोआप अर्धगोल निघतो. पाय रोवलेला तो मध्य आणि तिच्या शरीराची लांबी ती दोरी. म्हणून मोठी मुंगी मोठा तुकडा कापते, लहान मुंगी लहान. तुकडा मोजायला कुणी लागत नाही, तिचं अंगच गज. कात्रीसारखी दोन्ही पाती एकदम चालतात असं मला आधी वाटायचं. तसं नाही. एक जबडा पुढे जाऊन पानात रुततो आणि धरून ठेवतो, दुसरा त्याच्याकडे ओढला जातो आणि चिरत येतो. हे चाललेलं असताना तिचं पोट वरखाली हलत असतं. पोटावर बारीक रेघांची पट्टी असते आणि तिच्यावर एक कड घासली जाते. मुंगी चिमट्यात अलगद धरून कानाशी नेली तर अगदी बारीक किरकिर ऐकू येते. फ्लावियो रोसेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही थरथर पानातून पसरते आणि जवळच्या बहिणींना कळतं की इथे चांगलं पान आहे. पान जितकं कोवळं आणि चविष्ट, तितकी किरकिर जास्त. त्याच थरथरीने पान किंचित ताठ होऊन काप नितळ येतो, असंही त्यांना आढळलं.

आणि जबड्याची धार! कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुंगीच्या जबड्याचं पातं दाढीच्या ब्लेडइतकं तीक्ष्ण असतं. त्या दातांत जस्त असतं, म्हणून ते कठीण. पण प्रौढ कीटक पुन्हा कात टाकत नाही. मिळालेली धार ती एकदाच. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात रॉबर्ट स्कोफील्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पानकाप्यांचे जबडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्यांचा निबंध २०११ सालचा आहे. झिजलेल्या जबड्याच्या मुंग्यांना तेवढंच पान कापायला दुप्पट वेळ लागत होता आणि ताकदही दुप्पट जात होती. आणि ज्यांची धार सर्वांत जास्त गेली होती त्या कापताना दिसल्याच नाहीत. त्या वाहत होत्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ऊसतोडीवरच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, रात्री आठवल्या. जेवण झालं की बाप कानस घेऊन बसायचा आणि दोन्ही कोयत्यांना धार लावायचा. तो खर्र खर्र आवाज ऐकत आम्ही भावंडं झोपायचो. आमच्या कोयत्याला रोज रात्री नवी धार होती. झिजायची ती माणसं. आईचं उजवं मनगट अठराव्या हंगामात गेलं, तरी तिने आणखी चार हंगाम काढले, कारण मुकादमाची उचल घेतलेली होती आणि अर्धा कोयता कुणी धरत नाही. मुंगीचं नेमकं उलट आहे. तिला धार लावता येत नाही, पण धार गेली की तिच्यावर कापायची सक्ती नाही. मी हे मुंग्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही. वारुळाला दया नसते आणि त्याचं कारण पुढे येईलच. पण आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हंजी वाहणाऱ्या म्हाताऱ्या." सगळ्याच नाहीत, पण तिच्या प्रश्नाचा एक तुकडा तिथे सुटला.

दुसरा तुकडा झाडाखाली सापडला. उंच झाडावर चढलेल्या मुंग्या तुकडे कापून पुष्कळदा सरळ खाली सोडून देतात. चांगलं कापणीचं झाड असेल तर बुडाशी हिरव्या चिरगुटांचा सडा पडलेला दिसतो. खाली दुसऱ्या असतात, त्या उचलून चालू लागतात. वाटेतही, फाट्यावर किंवा अडथळ्याशी, तुकड्यांचे छोटे ढीग लागतात. अ‍ॅडम हार्ट आणि फ्रान्सिस रॅटनिक्स यांनी पनामातच या ढिगांचा अभ्यास केला आहे. पाला येण्याचा वेग वाहणाऱ्यांच्या संख्येपेक्षा वाढला की ढीग साठतो, आणि हात मोकळे झाले की उचलला जातो. गाडी यायच्या आधी फडाच्या बांधावर मोळ्या रचून ठेवतात, तसंच.

अर्जेंटिना आणि पॅराग्वेच्या चाको भागात गवत कापणारी एक जात आहे, अट्टा व्होलेनवाइडेरी. तिच्या वाटा कधी शंभर मीटरपेक्षाही लांब. तिथे कापणारी बहुतेक वेळा स्वतः वाहत नाही. पहिली वाहणारी थोडं अंतर जाऊन गवताची काडी खाली ठेवते आणि मागे फिरते, दुसरी उचलते, कधी तिसरी, चौथी. शेवटचीच्या वाट्याला सर्वांत लांबचा टप्पा. वाटेल की अशा साखळीने माल लवकर पोहोचत असेल. मीही तसंच धरून चाललो होतो. पण जॅकलीन रोशार्ड आणि रोसेस यांनी वेळ मोजला तेव्हा साखळीने गेलेली काडी एकटीने नेलेल्या काडीपेक्षा लवकर पोहोचत नव्हती. मग हस्तांतर कशासाठी? त्यांचा कयास असा की ओझं लवकर सोडणारी मुंगी लवकर कुरणाकडे परतते, वाटेवर वास पक्का करते आणि खाली ठेवलेली काडीच पुढच्या बहिणीला सांगते की तिकडे काय कापणं चाललं आहे. माल पोहोचण्यापेक्षा बातमी पोहोचणं मोलाचं. हे उत्तर मला पटतं, कारण चांगलं कुरण सापडल्यावर पहिल्या काही तासांत किती जणी तिथे जमतात यावर पुष्कळ अवलंबून असतं.

तो वास म्हणजे पोटाच्या टोकातून सोडलेलं एक द्रव्य. ते इतकं प्रभावी की एका मिलिग्रॅममध्ये पृथ्वीला वेढा घालणारी वाट आखून उरावी. परतणाऱ्यांपैकी कितीतरी मुंग्या हाती काहीच न घेता येतात. सुरुवातीला मी त्यांना वहीत 'रिकाम्या' असं लिहीत होतो. संशोधकबाईंनी तो शब्द खोडला. काहींच्या पोटात पानाचा रस असतो, काही वाट झाडतात, काही वास ताजा ठेवतात. आणि त्या ओझेवालीला ओलांडून पुढे पळत नाहीत. ऑद्रे द्युसुतूर या फ्रेंच संशोधिकेने पनामातल्याच जातीच्या मुंग्यांसमोर अरुंद पूल ठेवून पाहिलं : येणाऱ्या ओझेवालीला समोरच्या वाट देतात, आणि मोकळ्या परतणाऱ्या तिच्या मागोमाग तिच्याच चालीने येतात. घाटात चढणाऱ्या लादलेल्या गाडीला आपण वाट देतो आणि तिच्या मागे गाड्यांची रांग लागते, अगदी तसं. मोकळीने ओलांडायची घाई केली असती तर समोरच्यांशी टक्कर होऊन सगळ्यांचाच वेळ गेला असता.

पानाच्या तुकड्यावर कधी कधी एक बारीकशी मुंगी बसलेली दिसते. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, आळशी आहे, फुकटचा प्रवास. ती पहारेकरीण आहे. एक कुबड्या पाठीची चिमुकली माशी या वाटेवर घिरट्या घालते आणि ओझेवालीच्या डोक्यात अंडं घालायला टपलेली असते. ओझेवालीचे जबडे पानाला गुंतलेले. ती काय करणार? वर बसलेली बहीण पाय आणि जबडे उगारून माशीला हुसकते. माश्या दिवसाच्या, तरी काही ठिकाणी रात्रीही या स्वारिणी दिसतात, कारण वाटेतच पान चाटून ते परक्या बुरशीपासून साफ करणं हेही त्यांचंच काम. या माशीने कामाच्या पाळ्याही बदलल्या आहेत. मॅथ्यू ऑरने १९९२ साली दाखवलं की अट्टा सेफॅलोटिस या जातीत, माशीला मोठ्या डोक्याच्याच मुंग्या लागत असल्यामुळे, दिवसा वाटेवर लहान मुंग्या जास्त असतात आणि मोठ्या रात्री निघतात.

घरात पाला पोहोचल्यावरचं काम थोडक्यात सांगतो. प्रत्येक पायरीवर मागचीपेक्षा लहान मुंगी : एक तुकडे बारीक करते, एक चावून लगदा करते, एक तो मळ्यात बसवते, एक वर बुरशीचं रोप लावते, सर्वांत धाकटी राखण करते. आणि बाहेरच्या कामाचा हुकूमही मळ्याकडूनच येतो, तो असा : एखाद्या पानाने बुरशीला बाधा झाली तर काही तासांनी, दिवसभराने वाटेवरच्या मुंग्या ते पान नाकारू लागतात आणि कित्येक आठवडे त्याला तोंड लावत नाहीत. त्यांना स्वतःला त्या पानाने काहीच झालेलं नसतं.

दयेचं म्हटलं होतं ते हे. गाम्बोआतली अट्टा कोलंबिका आपला कचरा बाहेर टाकते. संपलेला चोथा आणि मेलेल्या बहिणी उतारावरून खाली लोटते. त्या ढिगावर काम करणाऱ्या मुंग्या वेगळ्या. तिथे रोगट बुरशी असते, म्हणून ढिगावर गेलेली मुंगी घरात परतायला आली तर बाकीच्या तिला हुसकतात. कचरा आणणारी तो ढिगापाशी ठेवून मागे फिरते, पुढे ढीगवाली. इथेही हस्तांतर आहे. मी त्या ढिगाशी दोन दुपारी बसलो, तिसऱ्या दुपारी गेलो नाही.

आईच्या प्रश्नासाठी मी एक खटाटोप केला होता. पेरूच्या रोपट्यावर कापत असलेल्या मुंग्यांच्या पाठीवर गवताच्या काडीने पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. वीस-पंचवीस झाल्या असतील. पहिल्या दिवशी त्या बहुतेक स्वतः कापलेला तुकडा स्वतःच घेऊन गेल्या, कारण रोपटं बुटकं आणि वाट जवळची. मला वाटलं, आईला सांगावं : तिनंच तोडलीय. दुसऱ्या दुपारी आभाळ फुटलं. पनामातला पाऊस पायरीपायरीने वाढत नाही. पहिले मोठे थेंब पडताच ओझी खाली टाकून सगळ्या घराकडे धावल्या आणि वाट क्षणात रिकामी झाली. पाऊस थांबल्यावर बघतो तर चिखलात हिरव्या चकत्या पसरलेल्या, वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

पहाटे टॉर्च घेऊन मी पुन्हा तिथे बसलो. रोपट्यापासून दोन हातांवर काही चकत्या होत्या आणि तिथून आदल्या दिवशी जवळजवळ सगळ्या ठिपकेवाल्याच येत होत्या. वारुळातून मुंग्या आल्या, चिखल लागलेल्या चकत्यांना मिशा लावून थांबल्या, मग एकेक उचलून फिरल्या. मी मान दुखेपर्यंत बघितलं. उचलणाऱ्यांपैकी एकीच्याही पाठीवर ठिपका नव्हता. ठिपकेवाल्यांतली एक साडेसहाच्या सुमारास आली, पडलेल्या चकत्यांच्या बाजूने तशीच पुढे गेली आणि रोपट्यावर चढून नव्या पानाच्या कडेला मागचे पाय रोवू लागली. सात वाजता मी फोन लावला आणि कॅमेरा तिच्यावर धरला.